पासंग

(पुण्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, विषय मी निवडलेला नाही. आयोजकांचा फोन आला, 'इतर धर्मांच्या तुलनेत इस्लामवर अन्याय होतो का, यावर बोला.' म्हटलं, अहो, एप्रिल महिना आहे, एखादा थंड विषय द्या. ते म्हणाले, थंड विषयाला माणसं येत नाहीत. आज सभागृह भरलंय, म्हणजे त्यांचंच खरं निघालं.

लहानपणी मी आईबरोबर मंडईत जायचो. भाव ठरला की आई म्हणायची, 'आधी रिकामा तराजू उचल.' भाजीवाली तोंड वाकडं करून उचलायची. एक पारडं खाली गेलं, तर हलक्या पारड्याच्या साखळीला एक लोखंडी कडी अडकवायची. हा पासंग. तराजूची खोट भरून काढायला पासंग असतो. पण तोच चुकीच्या बाजूला अडकवला, तर पावशेर वांगी सहज मारता येतात, आणि गिऱ्हाईक वजनाकडे बघत राहतं. आज मला वांग्यांबद्दल बोलायचं नाही. रिकाम्या तराजूबद्दल बोलायचंय.

मी शाळेत तीसेक वर्षं इतिहास शिकवला. त्यावरून माझं एक मत झालंय. हिंदू, ख्रिस्ती, ज्यू या धर्मांना आपण इतिहास देतो. म्हणजे ते असे होते, मग भांडणं झाली, मग ते बदलले, असं धरून चालतो. इस्लामला मात्र आपण फक्त ग्रंथ देतो. सातव्या शतकात जे लिहिलं गेलं तेच तो, संपलं. खोट इथे आहे.

लांब कशाला जाऊ, आपल्याच पेठांत या. साल १८९१. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली होती. सरकारनं संमतिवयाचा कायदा आणला, म्हणजे बायकोशी शरीरसंबंध ठेवायला तिचं किमान वय ठरवणारा. त्यात वय किती मागितलं होतं? दहाचं बारा. सोळा नाही, अठरा तर नाहीच. तेवढ्यावरून पुणं पेटलं. सभा झाल्या, सुधारकांच्या सभा उधळल्या गेल्या, धर्म बुडाला म्हणून अग्रलेख आले. डॉ. भांडारकरांनी शास्त्रातले आधार काढून दाखवले की बाबांनो, यानं धर्म बुडत नाही. टिळक विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं नीट मांडलं पाहिजे, नाहीतर उद्या माझ्याच घरावर मोर्चा यायचा. ते म्हणत, सुधारणा नको असं नाही, पण परक्या सरकारनं कायदा करून आमच्या धर्मात हात घालायचा नाही. लोक आपले आपण सुधारतील. दुसऱ्या बाजूला आगरकर. याच शहरात त्यांनी स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली.

आता १९८५ वर या. सर्वोच्च न्यायालयानं इंदूरच्या शाहबानोला पोटगी दिली. साठी उलटलेली बाई, नवऱ्यानं तलाक दिलेला. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड रस्त्यावर आलं. म्हणणं काय? आमच्या धर्मात हात घालायचा नाही, सुधारणा आम्ही आमच्या करू. वाक्य ओळखीचं वाटतंय ना? फरक आहे, आणि तो मी लपवणार नाही: टिळकांसमोरचं सरकार परकं होतं, बोर्डासमोरचं आपण निवडून दिलेलं होतं. त्या निवडून दिलेल्या सरकारनं १९८६ साली नवा कायदा करून निकाल बोथट केला. पण १८९१ च्या गोंधळावरून 'हिंदू धर्म हा असाच' असं कुणी म्हटलं तर आपल्याला राग येतो. आपण लगेच आगरकर दाखवतो, कर्वे दाखवतो. योग्यच आहे. मग शाहबानो प्रकरणावरून 'इस्लाम असाच' म्हणताना त्यांचे आगरकर आपल्याला का दिसत नाहीत?

होते की! १८ एप्रिल १९६६. मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम बायका चालत गेल्या. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. त्यांना घेऊन निघाला होता चिपळूणजवळच्या मिरजोळीचा एक तिशीतला माणूस, हमीद दलवाई. पुढे २२ मार्च १९७० ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं, ते आपल्या पुण्यातच. नाव जोतीरावांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलं. जोतीरावांनी पैगंबरांवर अभंग लिहिले होते, त्यांचं शीर्षक 'मानव महंमद'. आज असं शीर्षक छापायचं तर दोन्हीकडचे लोक अंगावर येतील.

दलवाई इस्लामबद्दल जितकं कडक बोलले तितकं इथल्या कुणीही बोलला नसेल. हिंदू जातीयवाद्यांनाही त्यांनी सोडलं नाही. आणि त्यांची एक तक्रार होती ती आमच्यासारख्या सज्जनांबद्दल. आम्ही हिंदूंच्या रूढींवर तुटून पडतो आणि मुसलमानांच्या रूढींचा विषय निघाला की आवाज मऊ करतो. हाही पासंगच, फक्त दुसऱ्या पारड्याला लावलेला. एका दमात तीनदा म्हणून दिलेला तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला २०१७ मध्ये. त्या सात बायकांनंतर एक्कावन्न वर्षांनी.

म्हणून मऊ आवाज नको. कुराणानं मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला तो सातव्या शतकात. हिंदू मुलीला बापाच्या मालमत्तेत मुलाबरोबर वाटा मिळाला १९५६ मध्ये, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देशभर मिळाला थेट २००५ मध्ये. हे सांगताना काही मित्रांची छाती फुगते. पण त्यांना पुढचंही सांगावं लागतं. तो वाटा मुलाच्या निम्मा होता, आणि आजही निम्माच आहे. सातव्या शतकात ते पुढचं पाऊल होतं. एकविसाव्यात तिथेच उभं राहणं म्हणजे मागे पडणं.

धर्मनिंदेचंही तेच. एडिंबरोमध्ये १६९७ साली एका तरुण विद्यार्थ्याला त्यासाठी फाशी दिलं. इंग्लंडमधला धर्मनिंदेचा कायदा तर २००८ पर्यंत पुस्तकात होता. आपल्या शेजारच्या गोव्यात इन्क्विझिशन १५६० ते १८१२ चाललं. कॅम्पातल्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याला त्याचा जाब कुणी विचारतं का? नाही, कारण तो इतिहास झाला. पाकिस्तानात तो इतिहास झालेला नाही. धर्मनिंदेच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती बाईच्या बाजूनं बोलले म्हणून पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकानं गोळ्या घातल्या, आणि कोर्टात आणताना त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या. उधळणारे वकील होते. आज ज्या देशांत धर्मनिंदेला देहान्ताची शिक्षा आहे, त्यांची यादी जवळपास मुस्लिमबहुल देशांनीच भरलेली आहे. हे बोलणं म्हणजे इस्लामवर अन्याय नव्हे.

अन्याय कुठे होतो ते सांगतो. जर्मन बेकरीचा स्फोट झाला १३ फेब्रुवारी २०१० ला. सतरा माणसं गेली. त्यानंतर काही महिन्यांनी माझा एक जुना विद्यार्थी खोली शोधत होता. इंजिनिअर, मराठी माझ्यापेक्षा चांगलं. मी बरोबर होतो. एजंटनं जिना चढता चढता भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, दार उघडलं, नळ सोडून पाणी दाखवलं. मग सहज विचारलं, 'नाव काय म्हणालात?' नाव ऐकल्यावर त्यानं आधी नळ बंद केला. मग म्हणाला, 'मालकांना विचारून सांगतो.' अजून विचारतोय.

ऑगस्ट २०१३ मध्ये ओंकारेश्वराच्या पुलावर दाभोलकरांना मारलं. त्यासाठी दोघांना २०२४ मध्ये जन्मठेप झाली. त्या खुनानंतर माझं नाव ऐकून कुणी नळ बंद केला नाही. करायलाही नको होता.

वेळ संपत आलीये, चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात. ही पहिली बघा, सही नाही: 'सर, हे सगळं इथे बोलणं सोपं आहे. कोंढव्यासारख्या मुस्लिम वस्तीत जाऊन बोलाल का?'

गेलो होतो. गेल्याच महिन्यात. शाहबानोपासून तासीरपर्यंत सगळं बोललो. तिथेही चिठ्ठी आली होती: 'सर, ते १८९१ चं सदाशिव पेठेत जाऊन बोलाल का?'

पुढची चिठ्ठी द्या.