नाव एकाचं, राबतो दुसरा, सही तिसऱ्याची

नमस्कार मंडळी, पुढं सरका जरा, मागं पंख्याच्या आवाजात ऐकू येणार नाही. पत्रिकेवर "वारसा नियोजन" असा विषय छापलाय आणि तो वाचून दोन आजोबा आत्ताच उठून चहाला गेले, ते मी बघितलं. त्यांचंही चुकत नाही. आपल्याकडं मृत्युपत्राचा विषय निघाला की म्हाताऱ्याला वाटतं पोरं आपल्या मरणावर टपलीत, आणि पोरांना वाटतं आपण बोललो तर बाप तसंच समजणार, म्हणून कुणीच बोलत नाही. मग बोलणी होतात ती थेट दहाव्याला, घाटावर, पिंडाला कावळा शिवायच्या आधी.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, पंचवीस वर्षं झाली. जमिनीची भांडणं बघून बघून माझं एक मत झालंय ते आधीच सांगून टाकतो. शेतकऱ्याच्या घरात काय आणि दुकानदाराच्या घरात काय, तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. मालकी कुणाची, राबतं कोण आणि कारभार कुणाच्या हातात. बाप जिवंत आहे तोवर हे गाठोडं त्याच्या काखेत असतं म्हणून कळत नाही. तो गेला की ते सुटतं आणि मग लक्षात येतं की नाव एकाचं आहे, राबतोय दुसरा आणि बँकेत सही चालते तिसऱ्याची. सगळं नियोजन म्हणजे ही गाठ माणूस हयात असताना त्याच्याच हातानं सोडवून घ्यायची, बाकी कागद नंतर.

आता सातबाऱ्याचं बघा. वडील वारले की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण सवय जात नाही) वारसाचा अर्ज द्यायचा, आता तो सरकारच्या ई-हक्क साइटवर ऑनलाइनही देता येतो, मग सहा-क मध्ये, म्हणजे वारसांच्या वहीत, नोंद होते, फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी मंजूर करतात आणि नावं लागतात. एवढं सोपं असून गावोगाव मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावर तशीच होती, म्हणून तर सरकारला 2025 ला बुलढाण्यातनं सुरू झालेली जिवंत सातबारा मोहीम राज्यभर न्यावी लागली. नाव न लावल्यानं पीएम किसानचा हप्ता अडकतो, सोसायटीचं पीक कर्ज अडकतं, नुकसानभरपाईचे पैसे आले तर ते कुणाच्या खात्यात टाकायचे हे ठरत नाही. पण लोकांचा समज काय झालाय की नाव लागलं म्हणजे वाटप झालं. नाही हो! चार वारसांची नावं लागली म्हणजे चौघंही अख्ख्या गटाचे सामाईक मालक झाले, पूर्वेचा तुकडा कुणाचा आणि विहिरीकडचा कुणाचा हे कुठंच लिहिलेलं नसतं. त्यात सातबारा हा मुळात महसुलाचा कागद, मालकीचा वाद झाला तर कोर्ट त्याच्या मागचे कागद मागतं.

जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढं "ए.कु.मॅ." असतं बघा, एकत्र कुटुंब मॅनेजर. तो शब्द कधी कधी पुनर्लेखनात गळून पडतो. मग थोरला गेला की त्याच्या पोरांची नावं लागतात आणि धाकटे काका, जे चाळीस वर्षं तिथंच नांगर धरतायत, त्यांचं नाव कागदावर औषधालाही नसतं. पोरं चांगली असली तर ठीक. नसली तर माझ्याकडं येतात, दोन्ही पार्ट्या.

घरी गेल्यावर एक काम करा, सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि त्यावर ज्या फेरफारांचे नंबर आहेत ते सगळे जुने फेरफार काढा आणि वाचा. कारण आपली जमीन वडिलोपार्जित आहे की बापाची स्वतःची, हे तिथंच कळतं आणि मृत्युपत्र कशाचं करता येतं हे त्यावर ठरतं. स्वतः घेतलेली जमीन माणूस कुणालाही देऊ शकतो, वडिलोपार्जित असेल तर फक्त आपल्या हिश्श्यापुरतं लिहू शकतो. आणि बापाकडनं आली म्हणजे ती कायद्यानं वडिलोपार्जितच, असंही नाही, कधी आली आणि कशी आली यावर ते असतं, तेव्हा पारावरच्या वकिलाला विचारू नका, कागद घेऊन खऱ्या वकिलाकडं जा. फी लागेल, हो.

आता बहिणींचा विषय. इथं सगळे गप्प होतात, मला माहितीय. महाराष्ट्रानं 1994 लाच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला होता, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातनं बाहेर राहिल्या. मग 2005 ला केंद्राचा हिंदू वारसा कायदा बदलला आणि मुलगी जन्मानंच मुलासारखी हिस्सेदार झाली, लग्न झालेलं असो नसो. त्यावर पंधरा वर्षं वाद चालला की हा बदल लागू झाला त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, बाप जिवंत पाहिजे का, आणि ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये सांगून टाकलं की नको. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर रजिस्टर झालेली किंवा कोर्टातनं झालेली वाटपं शाबूत.

तरी आपल्याकडं अजून काय चालतं? बहीण रडून रडून डोळे सुजवून बसलीय आणि भाऊ म्हणतो ताई, इथं एक सही कर, तलाठ्याला द्यायचीय. हक्कसोडपत्र असं होत नाही. ते रजिस्टर लागतं, आणि तिला वाचून दाखवून, समजावून झालं पाहिजे, नाहीतर वीस वर्षांनी भाचे कोर्टात उभे राहतात. माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या बायका मी खूप बघितल्या, त्यांना जमीन नकोच असते कित्येकदा, पण विचारलेलं हवं असतं. एका घरात भावांनी बहिणीला दरवर्षी द्राक्षाच्या पैशातनं ठरावीक रक्कम द्यायची असं लिहून दिलं आणि मग तिनं आनंदानं हक्कसोड केली. दुसऱ्या एका घरात, माझ्याच लांबच्या नात्यात, साडी-चोळीवर भागवलं. ती केस अजून चालू आहे.

आणि बायको? घरधनी गेल्यावर तिला वाटा आहेच, मुलांइतकाच, पण ती वेळ येईपर्यंत थांबायचं कशाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, नवऱ्यानं हयातीतच आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. इथं किती जणांनी केलीय? हात वर करा. तीन. बरं.

मृत्युपत्रानं घाबरू नका. साध्या कागदावर होतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा. दोन साक्षीदार लागतात, त्यांच्यासमोर सही व्हायला हवी, आणि ते आपल्यापेक्षा वयानं लहान घ्या, नाहीतर ऐन वेळी साक्षीदारच वर गेलेले असतात. ज्याला मिळणार आहे त्यालाच साक्षीला बसवू नका, संशयाला जागा कशाला. वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. बदलावंसं वाटलं तर बदला, शेवटचं असेल ते चालतं. उलट बक्षीसपत्राची घाई करू नका, ते आजच लागू होतं. बक्षीस दिलं आणि मग पोरानं विचारलं नाही असे आईबाप प्रांत ऑफिसच्या पायरीवर बसलेले दिसतात. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात असं बक्षीसपत्र रद्दही करता येतं, पण "आमचा सांभाळ करायच्या अटीवर" हे वाक्य कागदात असलं तर काम सोपं होतं. तेवढं वाक्य लिहायला लाजू नका. (आपले मुस्लिम शेतकरी बांधव बसलेत, त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे, मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशच देता येतं आणि वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते.)

बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून निवांत असाल तर तेही सांगतो. नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस, तो मालक होत नाही, वारसांना वाटायची जबाबदारी त्याच्यावर येते. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2023 ला हेच सांगितलं. आणि कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, देणाऱ्या माणसाबरोबरच संपतं, बाप गेल्यावर त्या कागदावर सह्या मारत बसू नका.

दुकानदार मंडळी, तुमचं तर आणखी अवघड आहे. खताचं दुकान घ्या. लायसन्स वडिलांच्या नावावर, जीएसटी वडिलांच्या पॅनवर, करंट अकाउंट वडिलांचं, आणि गल्ल्यावर दहा वर्षं बसतोय मुलगा. वडील जूनमध्ये गेले, ऐन पेरणीत. दुसऱ्या दिवशी त्या नावानं बिल फाडता येत नाही, बँकेला कळलं की खातं थांबतं, गोडाऊनमध्ये माल पडलाय आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. एकमालकी धंद्याचं असंच असतं, मालक गेला की कायद्याच्या नजरेत धंदाही गेला. म्हणून वेळेवर भागीदारी करा, पण दोघांचीच फर्म असेल तर एक गेल्यावर उरलेल्या एकाची भागीदारी होत नाही, म्हणून तिसरा माणूस घ्या, आई, बायको, कुणीही, आणि मृत्यूनं फर्म मोडणार नाही असं कलम घाला, नसलं तर कायद्यानं ती मोडते. आणि उधारी! ती वहीत अर्धी आणि डोक्यात अर्धी असते. पोळ्याला देतो, दिवाळीला देतो, हे ज्याला सांगितलं तोच गेला. तीन वर्षं उलटली की वसुलीचा दावाही चालत नाही.

जमिनीचे तुकडे किती होतात याचाही हिशोब करा. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे, चार वारस, पन्नास-पन्नास. त्यांची चार-चार पोरं, साडेबारा गुंठे. 2023 पासून आपल्याकडं बहुतेक ठिकाणी जिरायताला वीस आणि बागायताला दहा गुंठे ही प्रमाणभूत मर्यादा आहे, त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही, म्हणजे जिरायत असेल तर नातवंडांपाशीच गाडं अडलं. त्यापेक्षा एकानं कसायची आणि बाकीच्यांना खंड किंवा रक्कम द्यायची असं ठरवलं तर मालकी चौघांची राहूनही रान एकसंध राहतं. वाटप करायचंच तर सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांपुढं जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली करा. वाटपपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय 2025 मध्ये मंत्रिमंडळानं घेतलाय. आणि त्यात विहिरीचा हिस्सा किती आणे, मोटारीची पाळी किती तास, लाइट कनेक्शन कुणाचं, बैलगाडीची वाट कुठनं, हे लिहा. क्षेत्राचं भांडण मिटतं हो, पाण्याचं मिटत नाही.

हां, मागनं तो पोरगा विचारतोय की आमचे दादा, म्हणजे वडील, विषयच काढू देत नाहीत, काय करायचं. माझेही काढू देत नव्हते. मग मी मृत्युपत्राचा शब्दच सोडला आणि एका संध्याकाळी कोरा कागद पुढं ठेवून म्हटलं, दादा, रानात जमिनीखाली पाइपलाइन कुठनं कुठनं गेलीय ते एकदा काढून ठेवा, तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. खुश झाले! तीन संध्याकाळ काढत बसले, कुठं दोन इंची, कुठं अडीच, कुठला व्हॉल्व्ह बांधाखाली गाडला गेलाय ते सगळं. तिसऱ्या दिवशी पेन्सिल खाली ठेवून आपणच म्हणाले, ही विहीर धाकट्याकडं राहू दे, तो तिथं असतो, आणि तुझ्या बहिणीला रस्त्याकडचे वीस गुंठे, तिला हो म्हणायला लावा. आई दारात उभी होती, ती म्हणाली, आणि माझं? मग चौथी संध्याकाळ लागली. पुढं मृत्युपत्र झालं, रजिस्टर झालं, ते कपाटात आहे. तो पाइपलाइनचा कागद मात्र भावानं लॅमिनेट करून मोटारीच्या खोलीत लावलाय, मागच्याच महिन्यात जॉइंट फुटला तेव्हा त्याच्यावर बघूनच खोदलं.