पाठीवर दुसरं आलं की

मंडळी, आधीच सांगतो, मी काही वक्ता नाही, लहान मुलांचा डॉक्टर आहे, त्यामुळे बोलता बोलता गाडी इकडेतिकडे गेली तर सांभाळून घ्या.

इंटर्नशिपला असताना एका खेड्यातल्या दवाखान्यात एक आई दोन वर्षांच्या पोराला खोकल्यासाठी घेऊन आली. पोरगं गालानं भरलेलं, पाय गुबगुबीत, मी म्हटलं तब्येत छान आहे की, आणि लागलो औषध लिहायला. आमच्या सिस्टर काही न बोलता पुढे आल्या, पोराच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि काढला. खड्डा पडला तो तसाच राहिला, कणकेत बोट रुतवल्यासारखा. म्हणजे मी ज्याला बाळसं समजत होतो ती सूज होती. आईच्या मांडीवर चारपाच महिन्यांचं दुसरं बाळ होतं, ते मात्र एकदम टुणटुणीत.

या दुखण्याला पुस्तकात 'क्वाशिओरकोर' म्हणतात. मी ते परीक्षेपुरतं घोकलेलं, पण हा शब्द कुठल्या भाषेतला, कोणी आणला, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

आणला सिसिली विल्यम्स यांनी. या बाई जमैकाच्या, जन्म १८९३ चा, पिढ्यानपिढ्या बेटावर राहिलेलं गोरं घराणं, वडील शिक्षण खात्यात. पहिल्या महायुद्धात पुरुष विद्यार्थी आघाडीवर गेले म्हणून ऑक्सफर्डला मेडिकलमध्ये मुलींसाठी दार जरा किलकिलं झालं, त्यातून या आत शिरल्या. १९२३ ला डॉक्टर झाल्या, आणि १९२९ ला ब्रिटिश सरकारनं त्यांना गोल्ड कोस्टला पाठवलं, म्हणजे आजचा घाना. हुद्दा 'वुमन मेडिकल ऑफिसर', काम पुरुषांइतकंच, पगार त्यांच्यापेक्षा कमी. हे आपल्याला नवीन नाही म्हणा.

तिथे त्यांच्यापुढे एक ते चार वर्षांची पोरं यायची, हातपाय सुजलेले, केस तांबूस, कातडी जुन्या रंगाच्या पापुद्र्यासारखी सोलवटलेली, आणि किरकिर तर अशी की हात लावू देत नाहीत. बाकीचे डॉक्टर 'पेलाग्रा', म्हणजे एक ब-जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार, असं लिहून मोकळे होत होते. बाईंनी काय केलं, तर तिथल्या बायकांनाच विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? गा भाषेतला शब्द मिळाला, क्वाशिओरकोर. अर्थ साधारण असा की, पुढचं बाळ जन्माला आलं की आधीच्या, जागा गेलेल्या पोराला होतं ते दुखणं.

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागतच नाही. आपण म्हणतोच ना, पाठीवर भाऊ आला आणि हिचं दूध तुटलं! तिकडे तर पोर खरोखर आईच्या पाठीला बांधलेलं असतं, त्यामुळे नवीन आलं की थोरल्याचं दूधही जातं आणि पाठही जाते. मग त्याच्या वाट्याला येते मक्याच्या आंबवलेल्या पिठाची पेज. पोट भरतं, पण अंगाला लागेल असं त्यात फार काही नाही. म्हणजे निम्मं निदान त्या बायकांनी नावातच करून ठेवलं होतं, फक्त ते ऐकून घेणारं कोणीतरी हवं होतं, आणि माझ्या मते बाईंचं मोठेपण तिथेच आहे.

ऐकून घेतलं म्हणून नुसतं मानलं असंही नाही हं. दगावलेल्या पोरांची पोस्टमॉर्टेम स्वतः केली, त्यात एकदा इन्फेक्शन होऊन मरता मरता वाचल्या, अँटिबायोटिक्स नव्हतीच तेव्हा. १९३३ ला लेख लिहिला, त्यात प्रथिनं कमी पडत असावीत असा अंदाज होता. लंडनचे मोठे तज्ज्ञ ह्यू स्टॅनस म्हणाले, छे, पेलाग्राच. १९३५ ला बाईंनी 'लॅन्सेट'मध्ये परत लिहिलं, आणि या वेळी त्या बायकांचा शब्द थेट मथळ्यात टाकला.

वरिष्ठांशी काही जमलं नाही, कारण बाईंचं म्हणणं असं की बरं करणारा डॉक्टर वेगळा आणि आजार होऊ नये म्हणून बघणारा वेगळा हा काय प्रकार आहे. १९३६ ला बदली, थेट मलायात, म्हणजे आजच्या मलेशिया-सिंगापूरकडे. तिथे उलटाच खेळ. गोड कंडेन्स्ड मिल्क बाळांसाठी चांगलं म्हणून विकायला नर्सच्या वेशातल्या बाया घरोघरी फिरायच्या आणि अंगावर पाजणाऱ्या आया डब्याकडे वळायच्या. १९३९ ला सिंगापूरच्या रोटरी क्लबनं बाईंना बोलावलं, अध्यक्ष स्वतः दूध कंपनीतला बडा साहेब, आणि बाईंनी भाषणाला नाव दिलं 'दूध आणि खून'. अशा जाहिरातींनी होणारे बालमृत्यू हे खूनच समजा, असं तोंडावर सांगितलं. (मला आवडतं ते हे की याच बाईंनी आफ्रिकेत सुजलेल्या पोरांना डब्यातलंच दूध देऊन बघितलं होतं. डब्याशी वैर नव्हतं, आईचं दूध असताना तो गळ्यात मारण्याशी होतं.)

मग दुसऱ्या महायुद्धात जपानी आले. बाई सिंगापूरच्या चांगी तुरुंगात, साडेतीन वर्षं. मधले काही महिने तर केंपेताईच्या, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांच्या कोठडीत. आमांश झाला, जीवनसत्त्व कमी पडून होणारा बेरीबेरी झाला. पण हिशेब ठेवायची सवय काही सुटली नाही, त्या कैदेत २० बाळं जन्मली, २० ची २० आईच्या दुधावर राहिली आणि सगळी जगली. तिथे डबेवाला फिरकायचा प्रश्नच नव्हता ना.

१९४८ ला जागतिक आरोग्य संघटनेत माता-बाल आरोग्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या, पण खुर्चीत फार रमल्या नाहीत. पुढे जमैकात जाऊन उलट्यांच्या एका जीवघेण्या आजाराच्या मागे लागल्या, त्याचं नातं निघालं अ‍ॅकी नावाच्या तिथल्या घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या फळाशी, कच्चं खाल्लं तर विषारी. मग बैरूतला शिकवलं. १९९२ ला गेल्या, ९८ वर्षांच्या होऊन.

आणि आमच्या सिस्टरांनी दाबला तो अंगठा आजही चालू आहे. मेळघाटात काय किंवा कुठेही, पोर अतितीव्र कुपोषित आहे का बघायचं तर दंडाला टेप लावतात आणि दोन्ही पावलं दाबून बघतात. माझ्या त्या पेशंटच्या आईला सिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, धाकटं कधी झालं गं? मी खोकल्याचा कागद फाडला आणि नवीन लिहायला घेतला.