फॉरमॅट न मारता

(दृश्य : सकाळ. एसटी स्टँडसमोरच्या गाळ्याचं शटर वर जातं. काउंटरवर उघडलेला सीपीयू. ब्लोअर सुरू होतो, धूळ उन्हात उडते.)

तालुक्याच्या गावातलं हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आठ बाय दहाचा गाळा. मालकांना अख्खं गाव मामा म्हणतं, आपणही मामाच म्हणू. या काउंटरवर दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडचं असतं : "मामा, फॉरमॅटच मारून टाका."

फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसायची आणि विंडोज नव्यानं टाकायचं. मशीन हळू झालं, फॉरमॅट. जाहिराती यायला लागल्या, फॉरमॅट. पोरानं काहीतरी दाबलं, फॉरमॅट.

मामा ब्लोअर खाली ठेवतात. "ढेकूण झाले म्हणून पलंग जाळायचा का?"

(दृश्य : रस्ता. एक बाई भाजीच्या पिशवीत सीपीयू घालून चालत येतात. पिशवीतून काळी वायर लोंबते.)

या ताईंचं तहसील कचेरीच्या मागं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराई सुरू आहे. पत्रिकेचा मजकूर हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या मराठीत. ताई पत्रिका ज्यात मांडतात ते कोरल जुनं, फाँटही जुने, श्रीलिपीच्या काळातले, युनिकोड न कळणारे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'चि. सौ. कां.' तिथं चिकटवलं की चौकोन उमटतात. म्हणून युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटात बदलून देणारा एक कन्व्हर्टर हवा होता. शोधला, सापडला, हिरवं बटण दाबलं.

(दृश्य : मॉनिटर. विंडोज सुरू होतं. चहाचा ग्लास शेजारी.)

आता काही बोलत नाही. बघा.

(दृश्य : उजव्या कोपऱ्यात लाल पेटी – 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले'. तिच्यावर दुसरी. तिसरी. ब्राउझर आपोआप उघडतो. अनोळखी सर्च पान. चहावर साय धरलेली.)

याला अ‍ॅडवेअर म्हणतात. तो फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत नाही. जाहिराती दाखवतो, सर्च दुसरीकडे वळवतो, आणि त्या प्रत्येक जाहिरातीमागं, प्रत्येक सर्चमागं कुणाच्या तरी खात्यात चार पैसे जमा होतात. बहुतेक वेळा तो परवानगी घेऊन आत येतो. परवानगी कशी घेतो, ते थोड्या वेळात पडद्यावरच दिसेल.

(दृश्य : मामांचं बोट मॉनिटरच्या कोपऱ्यावर.)

मामा आधी कुठलंच सॉफ्टवेअर उघडत नाहीत. त्या लाल पेटीवरची बारीक अक्षरं वाचतात. तिथं क्रोमचं नाव आहे आणि त्याच्याजवळ कुठल्याशा वेबसाइटचा पत्ता. म्हणजे ही पेटी अँटिव्हायरसनं दाखवलेली नाही, एका साइटनं पाठवलेली आहे. 'तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि ताईंनी दाबलं होतं.

क्रोमची सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. यादी उघडते. परवानगी असलेल्या अकरा साइट. एक ताईंच्या ओळखीची, दहा कुणाच्याच नाहीत. प्रत्येकीपुढचे तीन ठिपके, रिमूव्ह. तीन ठिपके, रिमूव्ह.

(दृश्य : दहा वेळा क्लिक. कोपरा रिकामा राहतो. ताई पहिल्यांदा खुर्चीत मागं टेकतात.)

अर्धा त्रास इथंच संपला. 'व्हायरस आलाय' म्हणत दुकानात येणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये, मामांच्या सांगण्याप्रमाणं, एवढंच निघतं. हेच पाच मिनिटांचं काम काही ठिकाणी फॉरमॅटच्या भावानं होतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पण ताईंच्या मशीनमध्ये आणखी आहे.

(दृश्य : कंट्रोल पॅनल. प्रोग्रामांची लांब यादी.)

ही यादी नेहमी नावानं लावलेली असते, आणि नावांवर जाऊन उपयोग नाही. नावं सगळी सज्जन असतात. मामा 'इन्स्टॉल्ड ऑन' या शब्दांवर क्लिक करतात. यादी तारखेनं लागते, आणि एकाच तारखेला दाखल झालेली टोळी वर येते : कन्व्हर्टर, एक हवामानाचं काहीतरी, एक कॉम्प्युटरचा वेग वाढवणारं, एक सर्चला मदत करणारं. ताईंनी यातलं एकच मागवलं होतं.

एकेक काढायला घेतलं. वेग वाढवणारं सहजासहजी जात नाही. विचारतं, खरंच जायचं का? 'ठेवा' हे मोठं निळं बटण, 'काढा' हे खाली करड्या अक्षरांत. मामा चष्मा कपाळावरून खाली घेतात.

मग एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटलेले छोटे प्रोग्राम. मग होमपेज. सगळं जागेवर. मशीन रीस्टार्ट.

(दृश्य : विंडोज पुन्हा सुरू होतं. पाच सेकंद काही नाही. मग ब्राउझर आपोआप उघडतो. तेच सर्च पान. मामांचा चेहरा.)

इथं ताई म्हणाल्या, "मामा, माराच फॉरमॅट."

(दृश्य : मामा एक जुना, बिजागरी तुटलेला लॅपटॉप काढतात.)

मामा उत्तर देत नाहीत. ताईंच्या डाउनलोड फोल्डरमधली ती कन्व्हर्टरची फाइल ते पेनड्राइव्हवर घेतात आणि या लॅपटॉपवर चालवतात. हा लॅपटॉप असल्याच कामासाठी ठेवलाय, यात कुणाचं काही नाही.

(दृश्य : इन्स्टॉलरचे पडदे, एकामागून एक, पूर्ण फ्रेममध्ये.)

पहिला पडदा : स्वागत. नेक्स्ट. दुसरा पडदा : अटी. कुणी वाचत नाही, नेक्स्ट. तिसऱ्या पडद्यावर दोन पर्याय आहेत. 'एक्स्प्रेस', त्यापुढं कंसात 'शिफारस'. आणि 'कस्टम', इतक्या फिकट रंगात की ते बंद आहे असंच वाटावं. मामा कस्टम दाबतात. आत तीन चौकोन, तिन्हींत आधीच टिक केलेली.

थांबा, चौथा पडदा बघा. पुन्हा अटी, पुन्हा 'अ‍ॅक्सेप्ट' आणि 'डिक्लाइन'. वाटतं की कन्व्हर्टरच्याच अटी आहेत. पण वरचं नाव वेगळं आहे. या अटी त्या हवामानवाल्याच्या. इथं डिक्लाइन दाबलं तरी कन्व्हर्टर बसतोच.

(दृश्य : मामांचं बोट डिक्लाइनच्या करड्या अक्षरांवर टेकलेलं.)

हा पडदा अपघातानं असा झालेला नाही. कुणीतरी पगार घेऊन तो असा बनवलाय. या धंद्यात दर इन्स्टॉलमागं पैसे मिळतात. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हा बाजार तपासला, तेव्हा एका इन्स्टॉलचा भाव १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत होता. आणि अशा नको असलेल्या सॉफ्टवेअरचे आठवड्याला ६ कोटींहून अधिक डाउनलोडचे प्रयत्न गूगलच्या सुरक्षा यंत्रणेला दिसत होते.

ताईंना मामा रागावले नाहीत, ते म्हणूनच.

(दृश्य : जुन्या स्क्रीनशॉटांची मालिका. डाउनलोड साइट, टूलबार, टूलबारखाली टूलबार.)

आणि ही फक्त आडवळणाच्या साइटची गोष्ट म्हणाल, तर तसंही नाही. २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉम या नामांकित साइटनं एनमॅप हे नेटवर्क तपासायचं मोफत सॉफ्टवेअर आपल्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून दिलं. सोबत टूलबार, म्हणजे ब्राउझरवर चढणारी जादा पट्टी, आणि बदललेलं होमपेज. एनमॅपच्या कर्त्यानं जाहीर तक्रार केली. सोर्सफोर्ज म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचं माहेरघर. तिथंच असले इन्स्टॉलर दिसायला लागले म्हणून फोटो एडिटिंगच्या गिंपची विंडोज आवृत्ती बनवणारे २०१३ मध्ये बाहेर पडले. २०१५ मध्ये सोर्सफोर्जनं त्यांचं मागं राहिलेलं पान ताब्यात घेऊन त्यावरून जाहिरातींचा इन्स्टॉलर वाटला. ओरड झाली. पुढच्या वर्षी मालक बदलले, तेव्हा नव्या मालकांनी हा प्रकार बंद केला.

ज्यांनी काहीच डाउनलोड केलं नाही, ते तरी सुटले का? लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये २०१४ च्या उत्तरार्धात सुपरफिश नावाचा अ‍ॅडवेअर कारखान्यातूनच बसवून येत होता. नवा कोरा खोका, आत ढेकूण. बँकेच्या साइटपुढं जे कुलूप दिसतं, त्या कुलपाच्या जागी तो स्वतःचं कुलूप लावायचा, आणि सगळ्या लॅपटॉपमध्ये किल्ली एकच. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका संशोधकानं त्या किल्लीचा पासवर्ड शोधून काढला. अमेरिकेत २०१७ मध्ये तडजोड झाली, कंपनीनं तिथल्या ३२ राज्यांना मिळून ३५ लाख डॉलर दिले.

त्याच वर्षी ब्राउझरचा ताबा घेणाऱ्या फायरबॉलची बातमी आली. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या अंदाजात सगळ्यात जास्त बाधित मशीन भारतात होती, अडीच कोटी. मायक्रोसॉफ्टनं हा अंदाज फुगवलेला असल्याचं म्हटलं.

(दृश्य : परत ताईंचं मशीन. दुपार. बाहेर एसटीचा हॉर्न.)

मामांनी वायफाय बंद केलंय. पान पुन्हा येतंय म्हणजे त्याला कुणीतरी पुन्हा आणतंय. विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर' नावाची जागा आहे. अमुक वेळी अमुक काम कर, असं मशीनला तिथं सांगून ठेवता येतं. बहुतेक लोक ती आयुष्यात उघडत नाहीत. बसायला जागा बरी.

(दृश्य : कामांची यादी हळूहळू वर सरकते. एका ओळीवर थांबते.)

सापडला. नाव अगदी साधं, कुठल्याशा अपडेटचं. लॉगइन झालं की एकदा, नंतर दर तासाला. चालवतो काय, तर अ‍ॅपडेटामधल्या एका फोल्डरातली फाइल. हा फोल्डर एरवी लपलेला असतो. मामा त्याचा पत्ता चिठ्ठीवर उतरवून घेतात. आधी टास्क मॅनेजरमधून चालू प्रोग्राम बंद, मग शेड्युलरमधलं काम डिलीट, मग तो फोल्डर. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सकाळी क्रमच चुकला होता, हे मामा कॅमेऱ्यासमोर मान्य करतात.

(दृश्य : क्रोमचा मेनू. सगळ्यात खाली बारीक ओळ – 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन'.)

तुमचा ब्राउझर तुमची संस्था चालवते, असं ही ओळ सांगते. ताईंची संस्था म्हणजे ताई, एक झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं मशीन. मोठ्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांचे ब्राउझर बांधून ठेवावेत म्हणून ही सोय आहे. अ‍ॅडवेअर तिचाच आधार घेतो. एकदा धोरण म्हणून नोंद झाली की एक्स्टेन्शन काढायचं बटणच चालत नाही. नोंद असते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत. मामा आधी त्या भागाची प्रत काढतात, नंतर नोंद पुसतात. रजिस्ट्रीला हात लावायची सवय नसेल तर इथं कुणालातरी शेजारी बसवा.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. ओळ अवतरण चिन्हात संपायला हवी. तिच्यापुढं एका वेबसाइटचा पत्ता डकवलेला. तोही पुसला.

(दृश्य : वायफाय पुन्हा सुरू. अ‍ॅडक्लीनर. हिरवी पट्टी सरकते.)

हात फिरवून झाल्यावर मामा अ‍ॅडक्लीनर चालवतात. असली घाण शोधून काढणारा हा प्रोग्राम मोफत आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही, आणि २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. त्यांच्याच साइटवरून घ्यायचा. या नावाच्या खोट्या प्रतीही फिरल्या आहेत, ज्या आधी घाबरवतात आणि मग पैसे मागतात. सापडलेल्या चौदा गोष्टी क्वारंटाइनमध्ये. रीस्टार्ट.

(दृश्य : विंडोज सुरू होतं. मिनिटभर स्थिर चौकट. नुसता डेस्कटॉप, त्यावर ताईंच्या मुलीचा फोटो.)

त्या हिरव्या बटणापायी ताईंचे दोन दिवस गेले, तीन पत्रिका दुसऱ्या दुकानात गेल्या, आणि दुकानाच्या बँक खात्याचा पासवर्ड याच ब्राउझरमध्ये साठवलेला होता, तो ताईंनी बदलला.

(दृश्य : विंडोज सिक्युरिटीची खिडकी.)

विंडोजमध्ये असल्या सॉफ्टवेअरला अडवणारा पहारेकरी आहे : अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन. २०२१ पासून मायक्रोसॉफ्ट तो आपणहून चालू ठेवतं. ताईंच्या मशीनमध्ये तो बंद होता. कोरल बसवायला आलेल्या पोरानं 'अँटिव्हायरस बंद करायला लागतो' म्हणून सगळंच बंद केलं आणि तसंच सोडून गेला. ते कोरल कुठलं होतं, हा वेगळ्या फिल्मचा विषय आहे.

(दृश्य : कीबोर्डवर ताईंची बोटं. पडद्यावर मराठी अक्षरं.)

आणि मराठी टायपिंगसाठी तर काही उतरवायलाच लागत नाही. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची आणि कीबोर्ड निवडायचा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीचं मराठी. ताई पहिला शब्द लिहितात.

(दृश्य : पडद्यावर – 'शुभविवाह'.)

जुन्या फाँटाचा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही. कोरलच्या नव्या आवृत्तीत युनिकोड चालतो, पण ती विकत घ्यायची तर लग्नसराई संपू दे, असं ताईंचं म्हणणं.

(दृश्य : संध्याकाळ. काउंटर. ताई पर्स उघडतात.)

"किती झाले मामा?"

फॉरमॅटला पाऊण तास लागतो, त्यातला अर्धा वेळ मशीन आपलं आपण चालतं, आणि लोक पाचशे रुपये बिनबोभाट देतात. आज मामांचे चार तास गेले. ना पार्ट बदलला, ना विंडोज टाकलं. दाखवायला हातात काही नाही.

(दृश्य : पावतीपुस्तक, जवळून. छापील ओळी – फॉरमॅट, विंडोज, रॅम, कीबोर्ड, इतर. मामांचं पेन थोडं थांबतं, मग 'इतर'पुढं खूण करतं.)

"तीनशे द्या."

(दृश्य : पावती फाडल्याचा आवाज. ताई पिशवी उचलतात. शटर अर्ध्यावर.)