आधी पिशवी दाखवा

नमस्कार श्रोतेहो.

मुतखड्याच्या ऑपरेशनचं नाव निघालं की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टरसाहेब, लेझरनंच करता ना?" लघवीच्या कल्चरचा, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ते पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला का, हे मात्र मला अजून कोणी आपणहून विचारलेलं नाही.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते आणि तिच्यातल्या क्षारांचे खडे धरतात. खडा मूत्रनळीत अडकला असेल तर लघवीच्या वाटेनंच बारीक दुर्बीण घालून तो फोडतात, चीर द्यावी लागत नाही. किडनीतला खडा २ सेंटिमीटरहून मोठा असेल तर बहुधा पाठीतून लहानसं छिद्र करतात. ही पद्धत १९७६ मध्ये स्वीडनमधून आली. त्याआधी कमरेवर वीतभर चीर असायची. घरातल्या एखाद्या आजोबांच्या अंगावर तो व्रण पाहिला असेल तुम्ही.

दुर्बीण कुठूनही घाला, आत नीट दिसावं म्हणून सलाइन सतत सोडावं लागतं. लघवीत जंतू असतील तर त्या दाबानं ते रक्तात शिरतात, आणि मग प्रकरण खड्यापेक्षा मोठं होतं. कल्चर करतात ते याच्यासाठी, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. डॉक्टर उगाच तारखा देतात, असं समजू नका.

मागे भंडाऱ्याकडचे एक काका आले होते. गोळ्या काही चालू आहेत का, विचारलं. "काई नाही जी." ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरला त्यांच्या पिशवीत, सुपारीच्या डबीत, रक्त पातळ करायच्या गोळ्या सापडल्या. काका म्हणाले, "त्या तं हार्टाच्या हायेत. किडनीच्या कुठं हायेत?" त्यांचं बरोबरच होतं, प्रश्न माझाच अपुरा होता. आता मी विचारत बसत नाही, सरळ पिशवी दाखवा म्हणतो. अशा गोळ्या काही दिवस आधी थांबवायच्या की चालू ठेवायच्या, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं. मनानं बंद करू नका, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवलेल्यांनी तर मुळीच नाही.

उपाशी राहायचं म्हणजे किती? जेवण, तर्री-पोहे, दुधाचा चहा किमान ६ तास आधी बंद. साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञ सांगतील ते अंतिम. भुलीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ही सक्ती. शुगरची गोळी त्या सकाळी घ्यायची का, तेही त्यांनाच विचारा.

ऑपरेशननंतर पुष्कळदा किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी ठेवतात, डीजे स्टेंट. नाव ऐकून लोकांना वरात आठवते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ती काढायची असते. दुखणं थांबलं की माणूस विसरतो, आणि महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवरच नवे खडे चढतात. मग ती नुसती ओढून निघत नाही, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

काकांचं ऑपरेशन पुढे नीट झालं. नळी काढायला ते अगदी सांगितलेल्या दिवशी हजर होते. काकूंनी तारीख घरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली होती.