लाल निकालाची पत: सीआय पाइपलाइनची देखभाल

[दृश्य: टर्मिनल. कमिट पुश होतो, स्क्रीनच्या कडेला पिवळा ठिपका फिरू लागतो.]

कोड पुश झाला, म्हणजे सर्व्हरकडे पाठवला, की सर्व्हरवर एक कोरं मशीन उभं राहतं. त्यावरचा रनर हा प्रोग्रॅम नेमका तोच कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) उतरवून घेतो, लॉकफाइलप्रमाणे (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) लायब्रऱ्या बसवतो, बिल्ड करतो, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवतो, टेस्ट चालवतो आणि शेवटी एक आकडा परत देतो: एक्झिट कोड. शून्य आला तर हिरवा, दुसरं काहीही आलं तर लाल. कंटिन्युअस इंटिग्रेशनचा, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासण्याच्या सीआय या पद्धतीचा, सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा आहे. २००१ मध्ये क्रूझकंट्रोल हे सीआयचं साधन आलं, पुढे हडसन आलं, २०११ मध्ये त्याचंच जेनकिन्स झालं. आज बऱ्याच प्रकल्पांत सगळी पाइपलाइन, म्हणजे या पायऱ्यांची साखळी, रेपॉझिटरीतल्याच (कोडच्या साठ्यातल्याच) एका यामल फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या साध्या मजकूर फाइलमध्ये, लिहिलेली असते. साधनं बदलत गेली, एक्झिट कोडचा नियम तोच राहिला.

अशी पाइपलाइन उभी करायला एक दुपार पुरते. ती सांभाळणं मात्र रोजचं काम आहे. लाल दिसल्यावर माणसाने हातातलं काम बाजूला ठेवून लॉग, म्हणजे फेरीची नोंद, उघडला पाहिजे, यासाठी ही सगळी देखभाल. टीममध्ये "पुन्हा चालव, होईल पास" असं ऐकू यायला लागलं, की लाल निकालाची पत गेली असं समजावं. मग टेस्ट हजार असोत की दहा हजार, त्यांचा उपयोग संपला.

[दृश्य: एकाच कमिटचे सलग चार निकाल. हिरवा, हिरवा, लाल, हिरवा.]

ही पत सर्वात जास्त घालवतात त्या फ्लेकी टेस्ट. कोड तोच, तरी कधी पास, कधी फेल. गणित करून पाहा. हजार टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजारातून फक्त एकदा विनाकारण फेल होते. एकेकटी पाहिली तर कुणी तिला नावं ठेवणार नाही. पण हजारही टेस्ट एकाच फेरीत पास होण्याची शक्यता उरते जेमतेम ३७ टक्के. म्हणजे दर तीनपैकी जवळपास दोन बिल्ड काहीही न बिघडता लाल. गूगलने २०१६ मध्ये आपल्या टेस्टबद्दल जाहीर केलेले आकडेही हेच सांगतात. टेस्टच्या एकूण फेऱ्यांपैकी सुमारे दीड टक्क्याचे निकाल फ्लेकी होते. पण पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी ८४ टक्के निकालांत फ्लेकी टेस्टचा हात होता.

कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. पहिलं म्हणजे वाट पाहण्याची चुकीची पद्धत. टेस्ट बटण दाबते, दोन सेकंदांचा स्लीप घेते आणि निकाल तपासते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर उत्तर अर्ध्या सेकंदात येतं. सीआयवर बऱ्याचदा मोजकेच कोअर असतात, शेजारी दुसरी कामं चालू असतात, तिथे कधीतरी सव्वादोन सेकंद लागतात. स्लीप दोनचा पाच केला तर बिल्ड मंदावतो आणि दोष तसाच राहतो. उपाय असा: दर ५० मिलिसेकंदांनी अट तपासायची, पूर्ण झाली की लगेच पुढे जायचं, आणि वरची मर्यादा भरपूर, म्हणजे तीसेक सेकंदांची ठेवायची. ती मर्यादा फक्त खऱ्या बिघाडातच गाठली जाते, त्यामुळे रोजच्या फेरीला तिचा भार पडत नाही.

दुसरं कारण क्रमाचं. एक टेस्ट डेटाबेसमध्ये ओळ टाकते आणि तशीच सोडून जाते, पुढची नकळत तिच्यावर अवलंबून राहते. टेस्ट चार मशीनवर वाटल्या की दोघींची ताटातूट होते आणि दुसरी फेल. म्हणून टेस्टचा क्रम मुद्दाम विस्कटून चालवावा, आणि क्रमाचा सीड, म्हणजे तो क्रम ज्यावरून ठरला तो आकडा, न चुकता लॉगमध्ये छापावा. सीड हाती असेल तर तोच क्रम पुन्हा लावता येतो. नसेल तर नुसता अंदाज उरतो.

मग पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅमने नेटवर्कवर धरलेला क्रमांक. दोन टेस्टनी एकाच वेळी ८०८० मागितला की एक पडणारच. कोडने पोर्ट शून्य मागावा, ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट शोधून देते. ऑर्डर बाय (ओळींचा क्रम ठरवणारे शब्द) न लावलेली डेटाबेसची क्वेरी, मॅक किंवा विंडोजवर खपून जाणारी पण लिनक्सवर अडणारी फाइलच्या नावातली कॅपिटल अक्षरं, हीसुद्धा याच घराण्यातली. आणि घड्याळ: रनर सहसा यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर असतो, डेव्हलपर आपापल्या वेळेवर. 'आज' ही तारीख काढणारी टेस्ट दिवसातले ठराविक तासच फेल होत असेल तर आधी टाइमझोन पाहावा. टेस्टला घड्याळ बाहेरून द्यावं, सिस्टिमची वेळ तिने स्वतः वाचूच नये.

फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवण्याची सोय बहुतेक साधनांत असते. ती वापरायला हरकत नाही, पण दुसऱ्या फेरीत पास झालेल्या टेस्टची नोंद झालीच पाहिजे. नोंद नसेल तर रीट्राय दोष झाकतो, आणि त्यात खरा रेस कंडिशनही (दोन कामांच्या वेळेच्या शर्यतीतून होणारा दोष) झाकला जातो, जो पुढे वापरणाऱ्यांना भोवतो. लगेच दुरुस्त होत नसलेली टेस्ट वेगळ्या गटात टाकावी, तिच्यापुढे जबाबदार माणसाचं नाव आणि मुदतीची तारीख लिहावी. मुदत उलटली की टेस्ट दुरुस्त तरी व्हावी, नाहीतर काढून तरी टाकावी.

[दृश्य: हिरवा निकाल. कॅमेरा लॉगच्या मधल्या ओळींवर जातो.]

खोट्या लालपेक्षा खोटा हिरवा जास्त घातक, कारण त्याची तक्रार कुणीच करत नाही. टेस्टचं आउटपुट पाइपने टी कमांडकडे पाठवून फाइलमध्ये साठवण्याची पद्धत सर्रास दिसते. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, अशा वेळी पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड धरतं. टेस्ट फेल झाल्या, टी यशस्वी झाली, निकाल शून्य! स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल हा पर्याय चालू केला की हे थांबतं. फोल्डरचं नाव बदलल्यावर एकही टेस्ट सापडत नाही, तेव्हाही काही साधनं खुशाल पास म्हणतात. पायटेस्ट हे पायथनचं टेस्ट-साधन अशा वेळी ५ हा वेगळा एक्झिट कोड देतं, तो गिळू नये. चाललेल्या टेस्टची संख्या अचानक घटली तर बिल्ड अडवणारी एक तपासणी जरूर ठेवावी.

लॉगमध्ये १३७ दिसला तर टेस्टच्या कोडमध्ये चूक शोधण्याआधी मेमरी पाहावी. १२८ अधिक ९: प्रोसेसला सिगकिल (जबरदस्तीने बंद करणारा नऊ नंबरचा सिग्नल) मिळाला, आणि तो बहुधा मेमरी संपल्यामुळे. समांतर वर्करची (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेसची) संख्या कमी केली की बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

[दृश्य: पायऱ्यांच्या वेळेचा आलेख.]

वेळेचं पथ्य जुनं आहे. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीवाल्यांनी बिल्डला दहा मिनिटांची मर्यादा सांगितली होती, ती आजही योग्य वाटते. त्यापलीकडे माणूस दुसऱ्या कामाला लागतो. कॅशेची (साठवून ठेवलेल्या लायब्रऱ्यांची) किल्ली लॉकफाइलच्या हॅशवर (मजकुरावरून निघणाऱ्या ठशावर) बेतावी, म्हणजे लायब्ररी बदलली की कॅशे आपसूक नवा बनतो. टेस्ट मशीनवर वाटताना फाइलींची संख्या न मोजता मागच्या फेरीतला वेळ मोजावा, नाहीतर तीन मशीन मोकळी बसतात आणि चौथं धापा टाकत राहतं. प्रत्येक जॉबला टाइमआउटही स्वतः द्यावा. गिटहब अॅक्शन्स या सीआय सेवेत तो न दिल्यास मर्यादा ३६० मिनिटांची असते, म्हणजे अडकलेली टेस्ट सहा तास रनर अडवून बसते.

[दृश्य: लॉकफाइल, मग यामल फाइलमधली एक ओळ.]

कधी आपल्या कोडची एक ओळही बदललेली नसते आणि बिल्ड मोडतो. २२ मार्च २०१६ ला लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या साठ्यावरून काढलं गेलं आणि त्यावर आडून अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प बिल्ड होईनात. लॉकफाइल कमिट करावी आणि सीआयवर ती काटेकोर पाळणारी कमांड वापरावी: एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय. महत्त्वाच्या पॅकेजची प्रत आपल्या मिररवर ठेवावी. डॉकर इमेजला (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली प्रत) लेटेस्ट हा टॅग लावू नये. बाहेरच्या अॅक्शन्सनाही, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार पायऱ्यांनाही, हेच लागू आहे. मार्च २०२५ मध्ये टीजे-अॅक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या अॅक्शनचे जुने टॅग हल्लेखोरांनी घातक कमिटकडे वळवले आणि गुप्त टोकन लॉगमध्ये उमटू लागले. टॅग हलवता येतो. ४० अक्षरांचा पूर्ण कमिट हॅश लिहिला की आपण नेमून दिलेलाच कोड चालतो.

[दृश्य: दोन ब्रँच, दोन्ही हिरव्या. मर्जनंतर मेन लाल.]

दोन पुल रिक्वेस्ट (बदल आत घेण्याच्या विनंत्या) वेगवेगळ्या तपासल्या, दोन्ही हिरव्या. एकीने फंक्शनचं नाव बदललं, दुसरीने जुन्या नावाने नवी हाक मारली. ओळी वेगळ्या, म्हणून कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला यात संघर्ष दिसत नाही, आणि मर्ज, म्हणजे एकत्र, झाल्यावर मेन ही मुख्य ब्रँच मोडते. मर्ज क्यू हा त्यावरचा इलाज: प्रत्येक बदल ताज्या मेनवर रचून आधी तपासायचा, पास झाला तरच आत घ्यायचा. रस्ट भाषेचा प्रकल्प बऱ्याच वर्षांपासून याच शिस्तीने चालत आला आहे.

इतकं करूनही मेन लाल होतंच. अशा वेळी आधी संशयित कमिट रिव्हर्ट करावा, म्हणजे मागे घ्यावा, कारण मेन लाल असेपर्यंत सगळ्यांचीच कामं अडतात. दोष कोणत्या कमिटमध्ये आहे ते कळत नसेल तर गिट बायसेक्ट आहे: दरवेळी उरलेल्यांतला मधला कमिट तपासत जाणारा शोध. हजार कमिटमधून साधारण दहा फेऱ्यांत तो दोषी कमिट काढून देतो, आणि रन या उपकमांडला टेस्टची स्क्रिप्ट दिली तर माणसाला बसूनही राहावं लागत नाही. स्क्रिप्टने १२५ हा कोड दिला तर बायसेक्ट तो कमिट वगळतो. बिल्डच न होणाऱ्या कमिटसाठी हे उपयोगी पडतं. मात्र फ्लेकी टेस्ट दिली की बायसेक्ट निर्दोष कमिटकडे बोट दाखवतो, म्हणून शोध सुरू करण्याआधी ती टेस्ट शेवटच्या चांगल्या कमिटवर वीसेक वेळा चालवून घ्यावी.