आवाज चांगला, आठवण कच्ची

(दृश्य: अंधारी खोली. तळहातावर काडेपेटीएवढा प्लेअर. अंगठा बटण दाबतो, इवलीशी स्क्रीन उजळते.)

हा स्वस्तातला म्युझिक प्लेअर. यात सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही. ऐकता ऐकता मध्येच कुणाचा निरोप येऊन गाणं तुटत नाही. फोन असताना हा कशाला, असं मला नेहमी विचारतात. आणि कुणी तो घ्यायचा ठरवलाच, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आवाज कसा आहे?

आवाज बरा असतो. बहुतेक वेळा चांगलाच असतो. हे यंत्र कमी पडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

(दृश्य: जुना कॅसेटचा वॉकमन, शेजारी आजचा प्लेअर.)

१ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला आणि चालता चालता एकट्यानं गाणं ऐकणं सोपं झालं. १९९८ मध्ये एमपीथ्री वाजवणारे पहिले छोटे प्लेअर आले. त्यांतल्या डायमंड रिओची मेमरी होती ३२ एमबी. १२८ केबीपीएस (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाच्या फाइलला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे सगळा मिळून अर्ध्या तासाचा ऐवज. आजच्या साध्या ८ जीबीच्या प्लेअरमध्ये त्याच दर्जाचं सव्वाशे तासांहून अधिक संगीत मावतं. फाइल वाचणं, ती उलगडणं, आकड्यांचा आवाज करणं, रेडिओ, चार्जिंग, ही सगळी कामं एकच छोटी चिप करते. स्वस्ताईचं मुख्य कारण तेच.

आता आवाजाकडे येऊ. अशा प्लेअरमध्ये खर्ज पातळ वाटतो, ही तक्रार खरी आहे, पण दोष एकट्या प्लेअरचा नसतो. इअरफोनकडे जाणाऱ्या वाटेवर अनेकदा एक कपॅसिटर बसवलेला असतो. स्थिर प्रवाह अडवायचा आणि आवाजाचा बदलता प्रवाह तेवढा पुढे सोडायचा, हे त्याचं काम. तो लहान असला की खालचे स्वरही अडतात. १०० मायक्रोफॅरड क्षमतेचा कपॅसिटर आणि १६ ओम रोधाचा इअरफोन अशी जोडी असेल, तर १०० हर्ट्झपाशीच आवाज ३ डेसिबलनं उतरलेला असतो. त्याच प्लेअरला ३२ ओमचा इअरफोन लावा, ती सीमा ५० हर्ट्झवर जाते. प्लेअर तोच, गाणं तेच, आणि खर्ज भरून येतो. म्हणून प्लेअरला नावं ठेवण्याआधी इअरफोन बदलून पाहा, असं मी प्रत्येकाला सांगते.

गाण्यांच्या मधल्या शांततेत बारीक सरसर ऐकू येते, तीही खरी. फार संवेदनशील इअरफोन असेल तर ती जास्त जाणवते. रात्री आवाजाची पहिलीच पायरी मोठी वाटते, कारण पायऱ्या मोजक्या असतात. या गोष्टींशी जमवून घेता येतं.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर फोल्डर. दहा भाग, क्रमानं लावलेले. मग प्लेअरची स्क्रीन: आधी सातवा, मग पहिला.)

याच्याशी मात्र मला कधीच जमवून घेता आलं नाही. एका कादंबरीचं वाचन मी प्लेअरमध्ये भरलं होतं, दहा भागांत. संगणकावर सगळं ओळीनं दिसत होतं. प्लेअरनं सुरुवात केली सातव्या भागापासून. कथेत जे शेवटाकडे कळायचं, ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

याचं कारण समजल्यावर राग थोडा निवळला. मेमरीवर फाइलींची एक यादी असते. फाइली मांडून ठेवण्याच्या फॅट३२ नावाच्या पद्धतीत त्या यादीत नावं अकारविल्हे लागत नाहीत. फाइल ज्या क्रमानं आत आली, साधारण त्याच क्रमानं नोंद होते. मधली एखादी पुसली, तर नवी फाइल त्या रिकाम्या जागी जाऊन बसू शकते. संगणक दाखवताना यादी लावून दाखवतो. स्वस्त प्लेअर तेवढे कष्ट घेत नाही, जशी यादी तसा वाजवतो.

हेच दुर्लक्ष इतर ठिकाणीही दिसतं. गाण्याचं नाव देवनागरीत असेल तर चौकोन उमटतात. अक्षरं उमटलीच, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. सलग मैफिलीचं ध्वनिमुद्रण दोन फाइलींत असेल, तर सांध्यावर क्षणभर खड्डा पडतो. आणि तासाभराचं काही ऐकताना प्लेअर बंद झाला, की कित्येक प्लेअर पुन्हा पहिल्या सेकंदापासून सुरू होतात. अंधारात बटण दाबून धरून चाळीस मिनिटं पुढे जाणं किती जिवावर येतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

यंत्र याहून जास्त करू शकतं, हे सिद्ध झालेलं आहे. आर्कोस कंपनीच्या प्लेअरमधल्या सॉफ्टवेअरवर नाराज असलेल्या काही जणांनी २००१ मध्ये स्वतःच नवं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याचं नाव रॉकबॉक्स. पुढे ते सॅन्सा क्लिप प्लससारख्या लहान, स्वस्त प्लेअरवरही चालू लागलं. चिप तीच, बॅटरी तीच, पण आता कुठवर ऐकलं त्याची खूण ठेवता येत होती आणि गाणी विनाखंड वाजत होती. आजच्या बहुतेक स्वस्त प्लेअरवर रॉकबॉक्स चालत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

बॅटरीबद्दल एवढंच: ती आत बंद असते, काही वर्षांत थकते, आणि सहज बदलता येत नाही.

(दृश्य: खिशात हात. बाहेरून फक्त बोटांची हालचाल दिसते.)

तरीही मी हाच का वापरते? बटणांसाठी. खिशात हात घालून, न पाहता, पुढचं गाणं लावता येतं. आवाज कमी करायला पडदा उजळावा लागत नाही, आणि पडदा उजळला नाही म्हणून आणखी चार गोष्टींकडे लक्ष जात नाही. वजन इतकं कमी की झोपताना उशाशी ठेवला तरी जाणवत नाही.

(दृश्य: मेमरी कार्ड रिकामं केलं जातंय. फाइली एकेक करून आत जातात.)

ती कादंबरी मी पुन्हा भरली. कार्ड फॉरमॅट केलं, प्रत्येक भागाच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घातले, आणि सगळे एकदम न टाकता एकामागून एक टाकले. दहावा जाईपर्यंत थांबले. मग कार्ड प्लेअरमध्ये बसवलं, दिवा मालवला आणि बटण दाबलं.

(ध्वनी: बटणाचा टक् आवाज. क्षणभर सरसर. मग वाचणाऱ्या बाईंचा स्वर: "भाग पहिला.")