आधी ऊन, मग जेवण

(दृश्य: काचेच्या टँकमध्ये फांदीवर निजलेला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे घरी पाळला जाणारा दाढीवाला सरडा. वरचा दिवा लागतो.)

सकाळी दिवा लागला की पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. मग एक डोळा उघडतो. अंग अजून गार आहे, रंग गडद, जवळजवळ शेवाळी. थोड्या वेळानं तो सरकत सरकत दिव्याखालच्या दगडावर येतो आणि बरगड्या बाजूला ताणून अंग थाळीसारखं पसरतो. जितकी जास्त कातडी दिव्याकडे, तितकी लवकर ऊब. गडद रंगही त्याच कामाचा, कारण गडद पाठ उष्णता पटकन शोषून घेते. अंग तापत जातं तशी पाठ फिकी पडू लागते, पिवळट, वाळूच्या रंगाची. शेवटी जबडा उघडतो आणि तसाच उघडा राहतो.

नवखा मालक इथे घाबरतो. श्वास लागला की काय? तसं नाही. अंग पुरेसं तापलंय, जादाची उष्णता तो तोंडावाटे बाहेर टाकतोय. बास्किंगची, म्हणजे ऊन खाण्याची, जागा बरोबर जमल्याची ही खूण समजा. मात्र गार कोपऱ्यात बसूनही तोंड उघडंच राहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तर प्रकरण वेगळं. तो श्वसनाचा संसर्ग असू शकतो आणि त्याला पशुवैद्य लागतो.

आता, म्हणजे अंग तापल्यावर, त्याला भूक लागेल. त्याआधी समोर कितीही चांगलं खाणं ठेवा, तो बघणारही नाही. आणि खाल्लंच, तरी पचवणार कशाच्या जोरावर? आपलं शरीर आपली उष्णता स्वतः तयार करतं. सरड्याला ती बाहेरून घ्यावी लागते. पोटातल्या पाचकरसांचं कामसुद्धा त्या उसन्या उष्णतेवर चालतं. म्हणून ड्रॅगनच्या खाण्याची गोष्ट वाटीपासून नाही, दिव्यापासून सुरू होते.

(दृश्य: ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग. लाल माती, बाभळीच्या कुळातली झुडपं, कुंपणाचा खांब. खांबावर ड्रॅगन.)

पोगोना व्हिटिसेप्स, हे त्याचं शास्त्रीय नाव. मध्य आणि पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला हा रहिवासी. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नुसती वाळूच येते, पण त्याचा मुलूख तसा नाही. तिथे कडक, टणक माती आहे, खडक आहेत, झुडपं आहेत, पडलेली लाकडं आहेत. आणि उंच जागेवर चढून बसायचा त्याला भारी सोस. झाडाचा बुंधा, खडक, कुंपणाचा खांब, मिळेल ते. तिथून ऊनही मिळतं, भक्ष्यही दिसतं आणि शेजारचा नर हद्दीत शिरला तर तोही.

खाण्याच्या बाबतीत तो अजिबात चोखंदळ नाही. पानं, फुलं, किडे, जे हाती लागेल ते. पाऊस पडून पंखवाल्या वाळव्या निघाल्या की त्यांच्यावर ताव मारायचा. पाणी पिण्याची तऱ्हाही बघण्यासारखी: पाऊस सुरू झाला की मागचा भाग उचलून डोकं खाली करतो आणि पाठीवरून नाकाशी ओघळत आलेलं पाणी चाटत बसतो.

ऑस्ट्रेलिया आपल्या जिवंत देशी सरपटणाऱ्या प्राण्यांची व्यापारी निर्यात होऊ देत नाही. जगभर घराघरांत दिसणारे ड्रॅगन पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जन्मलेले आहेत. रंग बदलले, खवले कमी केले, माणसाळले. त्यांच्या शरीराला मात्र अजूनही तेच ऊन लागतं.

(दृश्य: रिकामा टँक. एकेक वस्तू आत येते.)

पूर्ण वाढलेला ड्रॅगन शेपटीसकट ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो. त्याला १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच एवढी जागा ही किमान समजा, चैन नव्हे. लांबी लागते ती फक्त फिरायला म्हणून नाही. एका टोकाला कडक ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली हवी, आणि मधे तापमान हळूहळू उतरायला हवं. छोट्या टँकमध्ये दिवा लावला की सगळाच टँक तापतो, आणि जनावराला पळायला जागा उरत नाही.

बास्किंगच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस. गार टोकाची हवा २४ ते २९. रात्री दिवे बंद. तापमान २० च्या आसपास उतरलं तरी त्याला चालतं, त्याच्या मुलखातही रात्री गारच असतात. काचेवर चिकटवायचा गोल थर्मामीटर कृपा करून काढून टाका. तो काचेचं तापमान सांगतो, दगडाचं नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, दगडावर रोखा, आकडा बघा. तो जास्त आला तर दिवा वर घ्या, किंवा डिमर लावा.

उष्णता वरूनच यायला हवी. बाजारात तापणारे दगड मिळतात, ते आणू नका. सूर्य आकाशात असतो, म्हणून या प्राण्याची सगळी जाण पाठीकडून येणाऱ्या उन्हाची. खालून पोट भाजत असलं तरी तो तिथेच बसून राहू शकतो, आणि भाजल्याच्या जखमा होईतो मालकाला पत्ता लागत नाही. रात्रीचे लाल-निळे दिवेही नकोत. त्याच्या डोक्यावर, माथ्याशी, तिसरा डोळा असतो. एक लहानसा फिकट खवला, कॅमेरा जवळ नेला तर इथे दिसेल. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. डोक्यावरून हात नेला की ड्रॅगन दचकतो त्याचं एक कारण हेच. हात नेहमी समोरून, खालच्या पातळीवरून न्यावा.

(दृश्य: लांब पांढरी ट्यूब. टँकच्या झाकणाखाली बसवली जाते.)

आणि आता ही ट्यूब. बरेच ड्रॅगन आजारी पडतात ते हिच्याबाबतच्या गैरसमजामुळे.

उष्णता देणारा दिवा वेगळा आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एका प्रकारचे अतिनील किरण, देणारी ट्यूब वेगळी. ड्रॅगनला दोन्ही लागतात. त्याच्या कातडीत कोलेस्टेरॉलचा जवळचा नातलग असलेलं एक द्रव्य असतं. त्याच्यावर यूव्हीबी पडलं की त्यापासून ड जीवनसत्त्वाची आधीची पायरी तयार होते, आणि अंगाच्या उबेनं तिचं डी-३ होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर आपापलं काम करतात. तेव्हा कुठे आतडं अन्नातलं कॅल्शियम रक्तात घेऊ लागतं. म्हणजे वाटीत कॅल्शियमची पूड कितीही भुरभुरवा, वर ट्यूब नसेल तर ती बरीचशी विष्ठेतून निघून जाणार.

रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांमधून काढून घेतं. हृदय आणि स्नायू चालू ठेवायचे तर दुसरा उपाय नाही. आधी बोटं थरथरतात. मग चालताना पोट जमिनीला घासतं, पाय वाकतात, खालचा जबडा रबरासारखा मऊ पडतो. वाकलेलं हाड नंतर पुरतं सरळ होत नाही. या रोगाला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात, आणि पाळलेल्या सरड्यांमध्ये तो वाईट निगेचाच रोग आहे. स्पष्ट बोलायला हवं, म्हणून बोललो.

टँकच्या लांबीच्या निम्मी ते दोन तृतीयांश लांब टी-५ (बारीक जाडीची) ट्यूब घ्या, १० किंवा १२ टक्के यूव्हीबीवाली. ती बास्किंगच्याच बाजूला बसवा, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी मिळेल. पाठीपासून अंतर साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर. नेमकं किती, ते ट्यूब बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघा, कारण मधे जाळी असली की किरण कमी होतात, आणि जाळीची वीण जितकी दाट तितके जास्त. काच तर यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणून खिडकीतून येणारं ऊन कितीही छान दिसलं तरी या कामाचं नाही. उलट काचेचा टँक थेट उन्हात ठेवला तर आतली हवा बघता बघता इतकी तापते की जनावर दगावतं. बाहेरचं खरं ऊन द्यायचंच असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आणि तुम्ही तिथून न हलता.

आणखी एक फसवणूक. ट्यूब वर्षभरानंतरही तितकीच लख्ख पेटते. पण डोळ्याला दिसणारा उजेड टिकला म्हणजे यूव्हीबी टिकलं असं नाही. ते आधीच ओसरत जातं. ट्यूबवर बसवल्याची तारीख लिहून ठेवा आणि बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मुदतीला, बहुधा ६ ते १२ महिन्यांनी, बदला. यूव्ही मोजायचं यंत्र असेल तर उत्तमच.

(दृश्य: रातकिड्यावर नजर रोखलेला ड्रॅगन. डोकं तिरकं. झेप. चिकट जीभ बाहेर येते, किडा आत.)

आता वाटी. पिल्लाची आणि मोठ्याची वाटी एक नसते. पिल्लू झपाट्यानं वाढतं, त्याला प्रथिनं हवीत. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढे किडे, आणि सोबत चिरलेला पाला रोज. तो पाला पिल्लू बहुतेक वेळा तुडवतं, खात नाही. तरी ठेवायचाच. वर्ष-दीड वर्षात पारडं उलटं होतं: मोठ्याच्या ताटात बहुतांश पाला, आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदा. इथे मालकाचं मन कच्चं पडतं. किडा बघून तो धावत येतो, काचेवर पंजे मारतो, मग द्यावासा वाटतोच. अशानं ड्रॅगन गुबगुबीत होतो आणि यकृतात चरबी साठते.

किड्याचा आकार? ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. रातकिडे, डुबिया झुरळं, टोळ हे रोजचे. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांमध्ये मुळातच कॅल्शियम भरपूर. वॅक्सवर्म, म्हणजे मेणपतंगाच्या अळ्या, ही निव्वळ चरबी, क्वचित चालतात. बागेतले पकडलेले किडे नकोत, कीटकनाशकांचा भरवसा नाही. आणि काजवा तर कधीच नको. काजव्याच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, आणि एखादा काजवाही ड्रॅगनचा जीव घेऊ शकतो.

रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि जादा फॉस्फरस कॅल्शियम शोषू देत नाही. ड्रॅगनला प्रमाण हवं ते उलटं, दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. यावर दोन उपाय, दोन्ही करायचे. किडे देण्याआधी दिवसभर त्यांनाच पालेभाज्या, गाजर असं चांगलं खाऊ घाला. किडा ही शेवटी खाण्याची पिशवीच. मग डब्यात कॅल्शियमची पूड टाकून किडे घोळवा. हलका थर पुरे. डी-३ घातलेली पूड मात्र बेतानं. कातडीत तयार होणारं डी-३ शरीर आवरतं: ऊन जास्त झालं की कातडीतलं तेच द्रव्य निरुपयोगी रूपात बदलतं. तोंडावाटे गेलेल्याला असा लगाम नाही, ते साठत जातं.

पाल्यात मोहरीची, कोलार्डची, डँडेलियनची पानं उत्तम. लाल भोपळा, ढोबळी मिरची किसून, जास्वंदीचं फूल अधूनमधून. पालक आणि बीटची पानं रोज नकोत, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. अवोकाडो विषारी. फळं एखादा घास. न खाल्लेले किडे संध्याकाळी वेचून काढा; रात्री गार पडलेल्या, झोपलेल्या ड्रॅगनला रातकिडे कुरतडतात.

(दृश्य: एकावर एक बसलेले दोन ड्रॅगन.)

हा फोटो लोकांना फार गोड वाटतो. वरच्यानं खालच्याचं ऊन बळकावलंय, बस. खालचा गारठतो, कमी खातो, वाढत नाही. दोन नर असतील तर गळ्याखालची दाढी काळी करून, डोकं झटकून एक दिवस चावाचावी. ड्रॅगन एकटाच ठेवायचा. त्याला त्याचं काही वाटत नाही.

खाली काय पसरायचं? फरशी किंवा कागद, साफ करायला सोपं आणि पिल्लांना सुरक्षित. रंगीत ‘कॅल्शियम वाळू’ आणू नका. ती पोटात जाऊन आतडी तुंबू शकतात. टँकला, पाण्याच्या भांड्याला, ड्रॅगनला हात लावला की साबणानं हात धुवा. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असतोच असं धरून चाला. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर हा प्राणी आणण्याआधी दोनदा विचार करा.

(दृश्य: गार कोपऱ्यात, लाकडाखाली दडलेला मोठा ड्रॅगन. वाटी तशीच भरलेली.)

वर्षातून एकदा मोठा ड्रॅगन खाणं सोडून असा कोपरा धरू शकतो. आठवडेच्या आठवडे झोपतो. याला ब्रुमेशन म्हणतात, आणि सशक्त मोठ्या ड्रॅगनमध्ये यात वावगं काही नाही. पण बळजबरीनं भरवू नका, कारण गार पोटात अन्न पचत नाही, सडतं. झोपी जाण्याआधी त्याचं पोट साफ झालेलं हवं. पाणी ताजं ठेवा. आठवड्यातून एकदा हलकेच उचलून स्वयंपाकाच्या नव्हे, वेगळ्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. आकडा जागच्या जागी राहिला तर झोपू द्या. उतरत चालला, डोळे खोल गेले, किंवा तो वर्षाच्या आतला असला, तर ही झोप नाही. ताजी विष्ठा डबीत घ्या, वजनाची वही घ्या, ट्यूबवरची तारीख टिपून घ्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. तो पहिला प्रश्न ट्यूबबद्दलच विचारेल.